शेरा

मराठवाड्याला समुद्र नाही.
नावापुरता आहे एक, नाथसागर,
आणि पहाटे साडेपाचला पैठणच्या अंगाने
त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.
मला तेवढं पुरतं.

रत्नागिरीला शिकले मी हे काम.
ट्रॉलरच्या कठड्याला पोट लावून, ओकत ओकत,
पाच लिटर पाणी गाळलं तेव्हा कुठे
कागदावर पोपटी अशी नुसती शंका आली.
इथे पाव लिटर ओतलं
की गाळणीचा कागद तुंबतो,
पंप कण्हायला लागतो.

होडी सुखदेव लिंबोऱ्यांची.
मी दोरीने तबकडी सोडते,
पाव काळी, पाव पांढरी, परत काळी, पांढरी.
दिसेनाशी झाली की थांबायचं,
दोरीवरची खूण वाचायची.
नोव्हेंबरात होती एकशे दहा सेंटिमीटर.
आज अडतीस.
"आमच्या आज्याचं घर हितंच हाय, ह्याच्या खाली,"
इंजिन बंद करत लिंबोरे म्हणाले.
"किती खोल?"
"तुमची दोरी न्हाई पुरायची."
मी लिहिलं, अडतीस.

वहीत रकाने आहेत: वेळ, तापमान, सामू, खोली.
शेवटचा शेरा.
तो कोरा सोडला तरी चालतं, असं साहेब म्हणाले होते
पहिल्याच दिवशी.

नील-हरित म्हणतात ह्यांना. शेवाळ नव्हेत, जिवाणू.
झाडांच्या आधीचे, माशांच्या कितीतरी आधीचे.
घेता येईल असा श्वास
ह्यांनीच पहिल्यांदा सोडला ह्या जगात.
आणि आता ह्यांच्याच गर्दीत, उजाडायच्या आधी,
रोहू पाण्याच्या वरच्या कातडीला तोंड लावून
उभे असतात,
टँकर येणार म्हणून हंडे घेऊन उभं राहावं तसे.

काल उपग्रहाचा नकाशा आला.
उत्तरेच्या काठाला लालभडक डाग,
क्लोरोफिल दोनशेच्या वर.
आम्ही डिझेल जाळत गेलो.
पाणी तिथून केव्हाच मागे सरलेलं,
आणि उघड्या पडलेल्या गाळात
गाळपेरीचा हरभरा, मांडीएवढा, घाट्यांनी लगडलेला.
समुद्र वाचायला शिकवलेल्या डोळ्याने
शेत मोजलं होतं, पाणी समजून.
लिंबोऱ्यांनी ओळखीच्या शेतातून दोन ढाळे उपटले,
एक माझ्यापुढे धरला.
"घ्या. हे बी मोजा."
आंबट बोटांनी मी दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या.

रात्री कागद ॲसिटोनमध्ये, अंधारात, फ्रिजमध्ये.
सकाळी नळीत पाचूसारखं हिरवं.
खिडकी बंद केली, निळी बॅटरी मारली,
आणि ते हिरवं लाल पेटलं,
आतून, डाळिंबाच्या दाण्यासारखं.
दरवेळी माहीत असतं. दरवेळी हात थांबतो.
यंत्र म्हणालं, एकसष्ट पूर्णांक चार.

पण लिंबोरे आदल्या दिवशीच बोलले होते,
ओंजळ नाकाशी नेऊन, न पिता:
"परवा नळाला वास मारंल बघा,
मका उकडलेल्या पान्यावानी."
आणि मारला.
मी शेऱ्यात लिहिलं. त्यांच्याच शब्दांत, नावासकट.
संगणकावरच्या तक्त्यात तो रकानाच नाही.
एकसष्ट पूर्णांक चार तेवढं पुढे गेलं.

आज परत येताना त्यांनी विचारलं,
"मॅडम, खऱ्या समुद्राला वास कसा असतो?
आमी काय पायला न्हाई."
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
मासळीचा, म्हणाले असते,
पण तो बंदराचा. पाण्याचा नव्हे.

घरी येऊन ट्रंकेतली जुनी वही काढली.
मिठाने पानं फुगलेली.
तारखा, अक्षांश, रेखांश,
शून्य पूर्णांक आठ, शून्य पूर्णांक सात, एक.
शेऱ्याचा रकाना
पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत
कोरा.
नाकाशी धरून पाहिली.
ॲसिटोन.